हरलीन मॅडमसाठी प्रार्थना

चंदीगड, सेक्टर २२
९ नोव्हेंबर २०२५

ती. शशिकला आत्यास,
रेवाचा प्रभूच्या नावात सलाम, वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू मला बोलू देत नाहीस, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. खोली चांगली आहे. घरमालकीण आंटी रोज दोन पराठे खाऊ घालतात आणि मी वाळत चालले म्हणून हळहळतात. तू मला पाहिलंस तर हसशील.

ऑफिसात मात्र बिनसलंय. मुल्लानपूरच्या नव्या वसतिगृहाचा नकाशा मी केला, डोळे फुटेपर्यंत बसून. आमच्या विभागप्रमुख हरलीन मॅडमनी तो मोठ्या साहेबांपुढे मांडला आणि त्यावर नाव फक्त त्यांचं! मी चकार शब्द काढला नाही. आपण ख्रिस्ती माणसं, मी त्यांना मनापासून क्षमा केली. आता गुड मॉर्निंगपलीकडे त्यांच्याशी बोलत नाही, एवढंच. डबाही एकटीच खाते.

आज उपासनेत प्रार्थनाविनंत्या विचारल्या तेव्हा मी उभी राहिले. हरलीन मॅडमचं कठोर मन प्रभूने मऊ करावं म्हणून सगळ्यांनी प्रार्थना करा, असं सांगितलं. नेमकं कुणासाठी ते कळायला हवं, म्हणून नाव, हुद्दा, ऑफिस आणि मजलाही सांगितला. लोक किती हळहळले! मला फार हलकं वाटलं.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस, आणि नाताळच्या करंज्यांत माझा वाटा ठेव.

तुझी,
रेवा


नगर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. रेवास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला, मग चहा घेतला. अगं, चहाडीला पांढरं पातळ नेसवून तू देवळात नेलीस! लोक हळहळले म्हणतेस. हळहळतीलच, इतकी चविष्ट विनंती दर रविवारी थोडीच मिळते?

आणि ती तुझी क्षमा. क्षमा केलेलं माणूस समोर आलं की गाल फुगतात का गं? माझा जन्म इस्पितळात मेट्रन म्हणून गेला. आमच्या नर्सा एकमेकींना अशीच क्षमा करायच्या आणि वॉर्डात ट्रे आदळायच्या. प्रभूने दाखवलेला रस्ता सरळ आहे. कुणाचं चुकलं तर आधी त्याच्याकडे जा, तेही एकट्याने. चर्चच्या मंडळीला मधे घ्यायचं ते पुष्कळ नंतर. तू शेवटच्या पायरीवर उडी मारलीस. आता उद्याच जा आणि काय दुखलं ते तिला सांग.

पराठे दोनच खा.

तुझी काळजी करणारी,
आत्या


चंदीगड
३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सलाम, वि. वि.

गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिले आणि काल भलतंच झालं.

आमचे पादरीसाहेब ऑफिसात आले. बरोबर मंडळीतल्या दोन आंटी आणि प्लमकेक. भर दुपारी! पत्ता मीच मजल्यासकट दिलेला, त्यामुळे त्यांना कुणाला विचारावंही लागलं नाही. त्यांनी हरलीन मॅडमना प्रेमाने सांगितलं की रेवाबेटी तुमच्यासाठी फार तळमळते, तुमचं मन मऊ व्हावं म्हणून आम्ही प्रार्थना करायला आलोय. सगळं ऑफिस माना वळवून बघू लागलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

मॅडम उठल्या. ओढणी डोक्यावर घेतली, डोळे मिटले. एका आंटींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि पंजाबीतून भलीमोठी प्रार्थना केली. मग मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला, केक कापला आणि एक तुकडा मलाही आणून दिला. तो मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला.

मी संध्याकाळीच पुण्याला बदलीचा अर्ज लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांची सही झाली की तो पुढे जाईल. इथे आता मला तोंड दाखवायला जागा नाही. नगरला येते, तू तरी पदराखाली घे.

लोभ कमी करू नकोस, सध्या तोच शिल्लक आहे.

तुझी,
रेवा


नगर
९ डिसेंबर २०२५

चि. रेवास आशीर्वाद.

नाताळला जरूर ये, पोटभर करंज्या खा. पण तोंड लपवायला माझं घर नाही. पुण्यालाही एखादी हरलीन मॅडम असेलच. तिथल्या पाळकांना किती केक आणायला लावशील?

आता थट्टा पुरे. तुला इतक्या लांब धाडायला तुझे आईबाप तयार नव्हते, मी त्यांना समजावलं. म्हणून माझा जीव जास्त तुटतो. तू हुशार आहेस, पण दुखलं की ज्याने दुखवलं त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतेस. असंच चाललं तर जाशील तिथे डबा एकटीच खाशील. सही व्हायच्या आत त्या बाईकडे जा. आधी आपली चूक कबूल कर, पुढे 'पण' न लावता. तिची चूक मागाहून सांग.

मी प्रार्थना करते आहे. कुणासाठी, ते मात्र कुणालाच सांगितलेलं नाही.

तुझी,
आत्या


चंदीगड
१७ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

गेले, आत्या. एकटी गेले आणि दार लावून घेतलं. तू सांगितलंस तशी 'पण' न लावता माफी मागितली. निदान दोनदा तो जिभेवर आला होता, गिळला. मग नकाशाचंही सांगितलं, आणि सांगता सांगता रडले.

नकाशावर आधी दोघींची नावं होती. नव्या मुलीचं नाव कशाला, असं म्हणून मोठ्या साहेबांनी माझं काढायला लावलं आणि मॅडमना नाही म्हणवलं नाही. चूक आपलीच, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. मला सांगायची त्यांना लाज वाटत होती. मी विचारीन म्हणून वाट पाहत होत्या, आणि मी रोज असं गुड मॉर्निंग घालत होते की त्यांना स्वेटर चढवावासा वाटे. सोमवारी आम्ही दोघी मोठ्या साहेबांकडे नावाचं बोलायला जाणार आहोत. दोघीही जाम घाबरलोय. बदलीचा अर्ज मी परत घेतला.

त्या प्रार्थनेचा राग आला असेल ना, असं विचारलं. आला होता म्हणाल्या, डोळे मिटून मनातल्या मनात मला शिव्याच घालत होत्या. पण नवरा गेल्यापासून घरात आणि ऑफिसात जो तो त्यांच्याकडे काहीतरी मागायला येतो, डोक्यावर हात कुणीच ठेवला नव्हता. आंटींनी ठेवला. घरी जाऊन त्या खूप रडल्या.

मग म्हणाल्या की आता तूच प्रार्थना कर, इथे, माझ्यासमोर. आत्या, भर उपासनेत मजल्यासकट पत्ता सांगणारी तुझी भाची, पण तोंडून शब्द फुटेना. त्यांच्याविषयी देवाला सांगायचं ते सगळं त्यांनाच सांगून झालं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि आम्ही डोळे मिटून नुसत्या बसलो. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, तरी उठलो नाही.

लोभ आता दोघींवर ठेवावास, ही वि.

तुझी,
रेवा