आकारामच्या मामास

सांगली, रविवार, ता. १ फेब्रुवारी १९७६

चि. लालासाहेब यास,

आशीर्वाद नंतर देते, आधी शिव्या घे. दोनदा माणूस धाडला, दोनदा हात हलवीत परत आला. एकदा म्हणालास, गुऱ्हाळ सोडून येता येत न्हाई. दुसऱ्यांदा म्हणालास, मला काय झालंय? अरं, तुझ्या बोटाला माझ्या लेकाचे दात लागलेत. तुझ्या बायकोपासनं लपव, माझ्यापासनं काय लपवतोस?

बाकी खुशाली काय लिहू. मी हितं नणंदेकडं, बनुबाईकडं उतरलेय. तुझे दाजी गावाकडंच हायेत. आकारामचा पलटणीचा डगला खुंटीला हाय, त्याला हात लावू देत न्हाईत.

पोरगं दिवाळीला रजेवर आलं आणि वेशीत पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं. तू त्याला कोंडीबा वैदूकडं न्हेलंस, गुळातनं पाला चारलास. जखम भरली तवा आपण सगळी औंधाला गेलो. मी यमाईची ओटी भरली, तू गावात पेढे वाटलेस. वरनं जखम भरत व्हती आणि आतनं कुत्र्याचं विष चढत व्हतं, कुणाला ठावं?

हितल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला मी इचारलं, एवढासा जंतू, त्यानं पलटणीतला गडी कसा पाडला? तो म्हणाला, "मावशी, त्याला स्वतःचं काहीच नसतं. हात न्हाईत, हत्यार न्हाई. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलंय. त्या पेशीत प्रथिनं असतात, ती अंगाची कामकरी. हा आत शिरतो तो फक्त हुकूम घेऊन. माझ्यासारखे घडवा म्हणतो. आणि ती घडवत बसतात."

मी म्हणाले, "म्हंजे ऊस आमचा, जळण आमचं, काहील आमची, गुळव्या आमचा, आणि ढेपा चोराच्या?"

"तसंच," म्हणाला.

तू गुळव्या हायस, तुला समजंल. माझ्या लेकाचं अंगच त्याच्यासाठी राबलं रं. मी दूध पाजून वाढवलेलं अंग.

ते विष शिरेतनं वर चढतं, मेंदूत गेलं की औषध न्हाई. त्याच्या आधी पोटात सुया घेतल्या तर माणूस वाचतो. म्हणून मी बोंबलतेय.

शेवटी पोरगं तहानेनं तडफडत व्हतं आणि तांब्या दिसला की किंचाळत व्हतं. तू ओला बोळा तोंडात धरलास आणि त्याचे दात तुझ्या बोटावर मिटले. मी बघत व्हते.

तू का येत न्हाईस, तेबी मला ठावं हाय. कोंडीबावर भरवसा हाय म्हणून न्हाई. आकारामच्या मातीवरनं परत येताना म्हणालास, "अक्का, भाच्याला मीच घालवलं, मलाबी जाऊ दे." लय शहाणा! एकाच्या मागं दुसरा धाडून माझं काय भरून येणार? चुकलं तुझं. व्हय, चुकलं, उगं गोड बोलत न्हाई. पण शिक्षा द्यायची ती मी देणार. सुया घे, जग, आणि दर भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर येऊन बस. खाली मान घालून बस, पण बस.

आता एक ऱ्हायलंय, लिहावं का नको करत व्हते. डॉक्टरनं माझं हात बघितलं. उसाच्या पाल्यानं चिरलेलं. त्याच हातानं मी पोराची लाळ पुसत व्हते. "मावशी, तुम्हीबी आजच सुरू करा," म्हणाला. मी न्हाई म्हणाले. भाऊ आला की बरोबर घेईन म्हणाले. तो रोज रागं भरतो, मी रोज वऱ्हांड्यात बसून परत येते. बनुबाईला यातलं काय ठावं न्हाई.

भाऊसो कंडक्टरच्या हातानं हे धाडतेय. एकतर पहिल्या यष्टीनं ये, न्हाईतर "येत न्हाई" एवढं लिहून त्याच्याजवळ दे, म्हंजे मीबी सुई न घेता गावाकडं येते. बुधवारी सांजेच्या आत मला जबाब पाहिजे.

आकारामची आई आणि अजून तरी तुझी अक्का,
चंद्राबाई