पाच पॉइंट अडतीस

१४ ऑक्टोबर २००१, रविवार
काँटेसा मला खरी कितीला पडली याचा हिशेब: उसाच्या दोन कोऱ्या ट्रॉल्या, एक जुनी बुलेट आणि सौ.चा चार दिवसांचा अबोला. अबोल्यात वर्कशॉपचं काम बरंच पुढे सरकलं, म्हणून तो जमेस धरला. एकूण स्वस्त.

आज लग्नात साडू भेटला. राहू गावचा जयसिंग. चार माणसांत म्हणाला, "दाजी, तुमची काँटेसा म्हंजी हत्ती. मिरवाया झ्याक, पळाया न्हाई." लोक हसले. मीही हसलो, मोठ्या मनाचा आहे. मग जाहीर केलं: शिरूर ते दौंड, पस्तीस मिनिटं. मठ्ठा वाढणारासुद्धा थांबला.

२१ ऑक्टोबर
पुण्याहून परदेशी मोटारींचं मासिक आणलं. लेकीने, सायलीने वाचून अर्थ सांगितला. सगळी मेख मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. इंजिनकडून येणारा दांडा किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, तो रेशो. आपला ३.७३. शौकीन लोक रस्त्यासाठी ४.१० पर्यंत जातात. पुढे मासिकवाल्याने सावधगिरीची दोन पानं लिहिलीत. ती पानं सोडायला सांगितली. भित्र्या लोकांनी लिहिलेलं आपण वाचत नाही.

ठरलं. आकडा वाढवायचा.

२ नोव्हेंबर
भंगारात जुन्या जीपचा अ‍ॅक्सल मिळाला. मोठ्या चक्राला त्रेचाळीस दाते, छोट्याला आठ. भागाकार ५.३८. साहेब लोक ४.१० वर थांबले, आपण ५.३८. ट्रॉल्या बनवून वर आलेल्या माणसाला अ‍ॅक्सल कापून जोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

रखमाजी मिस्त्री वीस वर्षं माझ्याकडे आहे. म्हणाला, "शेठ, मोठा आकडा ओढाया, बारका आकडा पळाया. ट्रॅक्टरचं काय बघता न्हाई का तुम्ही?" चांगला माणूस. पण ट्रॅक्टरच्या पुढे विचार गेला नाही. मी म्हणालो, हॉर्सपॉवर मोठी चांगली, विहीर मोठी चांगली, मग रेशोनेच काय पाप केलंय? गप्प बसला. पटलं असावं.

वेल्डिंगच्या ठिणगीने मनगटी घड्याळाची काच गेली. आता वापरत नाही. माझे कान आहेत. इंजिनच्या आवाजावरून मी वेग सांगतो.

१८ नोव्हेंबर
अ‍ॅक्सल बसला. ट्रायल. मार्केट यार्डाच्या गेटवर पाय दिला तर सौ.चं डोकं सीटला आपटलं. एका स्कूटरला पहिल्या तीस फुटांत मागे टाकलं. पुढचं मोजलं नाही.

नगर रोडला काटा १२० वर. इंजिनचा आवाज असा की बोलणं ऐकू येईना. मला तर सौ. बोलत नाहीये असंच वाटत होतं. दुधाचा टेम्पो पुढे निघून गेला. त्याला उतार होता. मलाही तोच उतार होता, पण त्याच्याकडे कॅन होते, वजनाने गेला.

२५ नोव्हेंबर
सायलीला बाजूला बसवून न्हावऱ्याच्या रस्त्याला गेलो. काटा शंभरावर धरला. तिने मनगटावरच्या घड्याळात किलोमीटरच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सेकंद मोजले. बावन्न. म्हणाली, आप्पा, काटा शंभर म्हणतोय, दगड एकोणसत्तर म्हणतात.

रखमाजीला विचारलं. "काटा गिअरबॉक्सचं ऐकतो शेठ, चाकाचं न्हाई. दांडा जास्त फिराया लागला, चाक तेवढंच. काट्याला काय ठावं?"

दोघं एकाच बाजूची. दगड चुकीचे बसवलेत, इतकं साधं आहे.

२ डिसेंबर
दौंडला जाऊन मीटर बघितलं. सरकारी हिशेबाने पासष्ट किलोमीटर, माझ्या मीटरवर चौऱ्याण्णव. म्हणजे कंत्राटदाराने एकोणतीस किलोमीटर रस्ता जास्तीचा करून बिल पासष्टचंच लावलं. असा माणूस या जिल्ह्यात मला पहिल्यांदाच आढळला. वेळ मोजला नाही. रस्त्यात दोनदा पाणी ओतावं लागलं, ते कसं धरायचं हा प्रश्न होता.

संकल्प: पेट्रोल किती लागतं ते लिहून ठेवायचं.

१० डिसेंबर
संकल्प रद्द. लिहिण्याने मन खचतं.

९ जानेवारी २००२
सायलीला सोलापूरच्या पॉलिटेक्निकमधल्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र. दोन वर्षं वाट बघत होती. अठराला दुपारी एकची मुलाखत. दौंडहून ८.४० ची गाडी चुकली तर दुसरी कामाची नाही.

ती म्हणाली, साडेसहाच्या एसटीने जाईन. मी म्हणालो, घरात काँटेसा असताना? साडेसातला निघू, आठ पाचला स्टेशन, वर चहा. माझ्याकडे बघत राहिली. आनंद झाला की पोर अशीच गप्प होते.

१७ जानेवारी, संध्याकाळ
सायली स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ पुसत होती. काचेच्या आतूनही पुसलं. पोरीला स्वच्छतेची आवड आहे.

माझे कान तिखट. स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला: "त्येंचा काटा पुढं पळतोय ना, मग आपला बी पळू दे." दोन महिन्यांनी का होईना, घरात काट्याचं कौतुक सुरू झालं.

१८ जानेवारी, शुक्रवार, दौंड स्टेशन
विजय. जागेवरच लिहितोय.

बरोब्बर साडेसातला घर सोडलं. बाहेर गच्च अंधार. ढगाळ असावं, चांदण्या मात्र दिसत होत्या. सायलीने आज घड्याळ घातलं नाही, मुलाखतीला साधंच जावं म्हणाली. स्टँडवरून साडेसहाची एसटी तेव्हा कुठे सुटत होती. एक तास लेट. महामंडळाचं कसं व्हायचं.

न्हावऱ्याला रेडिएटर, चौफुल्याला पेट्रोल, पाटसच्या अलीकडे परत रेडिएटर. वाटेत उजाडलं. चौफुल्याला वाटलं, गाडी गेली. पोरीची नोकरी माझ्यामुळे गेली. सायलीने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, चालवा आप्पा, पोचतो आपण.

स्टेशनात शिरलो तर मोठ्या घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं. साडेसात ते आठ पाच. पस्तीस. डोळे भरून आले. सायली खिडकीतून हसत होती, गाडी हलेपर्यंत.

एसटीडी बूथवरून जयसिंगला फोन केला. पस्तीस मिनिटं, थांबण्यासकट. "स्टेशनचं घड्याळ बघूनच सांगताय ना?" म्हणाला. मी म्हणालो, रेल्वेचं आहे, कुणाच्या बापाचं नाही. रविवारी चार माणसं घेऊन पेढे खायला येतोय.

स्टँडवर शिरूरची एक एसटी उभी दिसली, रिकामी. कंडक्टर चहा पिऊन कप परत देत होता. ती आपली नसणार.

१९ जानेवारी, शनिवार
सायली आली. नोकरी मिळाली, एक तारखेला हजर व्हायचं. पेढे आणलेच होते.

मग स्टुलावर चढली आणि भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे केलं.

मी सौ.कडे बघितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "सांगून ऐकता व्हय तुम्ही?"

मी म्हणालो, उद्या जयसिंग जाईपर्यंत पुढेच राहू दे. सायली म्हणाली, आप्पा, त्यांच्या मनगटावर घड्याळ असतं.

रखमाजीला जुना अ‍ॅक्सल शोधायला सांगितलाय. त्याने तो विकला नव्हता. गोणपाटात गुंडाळून, ग्रीस लावून ठेवला होता.

साडेसहाची एसटी काल साडेसहालाच सुटली होती. दौंडला ती आमच्या आधी पोचली.