शिलाईचा अर्धा इंच

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माझ्या धाकट्या भावास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. आपल्याला एक बहीण आहे हे तुझ्या लक्षात असेल, असं धरून चालते. गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण चालतात. मी सांगते आहे, सून लिहिते आहे. (तिला बजावलंय, माझं बोलणं सुधारायचं नाही.)

तर तू रिमोटच्या होडीचा नकाशा पाठवलास. हात थरथरायला लागल्यापासून तुझ्या दाजींनी शिलाईचं दुकान बंद केलं, आणि त्याबरोबर तोंडही. वर्षभर नुसते बसून. नकाशा पाहिला आणि उठून टेप शोधायला लागले! मला धास्ती एकच, होडी बुडाली तर हा माणूस पुन्हा उठायचा नाही.

जुन्या कपाटाची पाठ कापली, नातवाच्या मोडक्या गाडीतली मोटर आणि रिमोट घेतला. पण चाळीस वर्षांची सवय जाते कुठे? प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी अर्धा इंच जास्त सोडला, शिलाईत जाईल म्हणून! मी म्हटलं, "अहो, लाकूड शिवणार आहात का?" तर म्हणे, "असू दे, अंगाला सैल बरं." नकाशातली होडी सडपातळ, आमची चांगली बाळसेदार. दारातून आडवी करून काढावी लागली.

तळ्यावर सगळी गल्ली जमली. यांचा हात हलतो, म्हणून रिमोट माझ्याकडे. मला अक्षर येत नाही, म्हणून यांनी त्यावर शर्टाची बटणं चिकटवली, डावीकडे लाल, उजवीकडे पांढरं. होडी तोऱ्यात निघाली. हे ओरडतायत, "लाल! अगं, लाल!" मी दाबलं पांढरं. (सून हसते आहे, हेही लिही म्हटलं.) होडी शेवाळात रुतली. मग हे इस्त्रीच्या पँटसकट गुडघाभर पाण्यात! उचलून आत पाहिलं, तर थेंब नाही. शेजारचा सुतार म्हणाला, "रुंद आहे म्हणून तगली हो, नाहीतर उलटली असती." त्यावर हे असे हसले, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

ता. क. : खुशालीसाठी पत्र लिहिलं असं समजू नकोस. आता मोठ्या होडीचा नकाशा पाठव, लवकर.

आणखी ता. क. : तिला पत्रा लागणार आहे, आणि हे सकाळपासून माझ्या पातेल्यांना टेप लावतायत. तेव्हा बिस्किटं पाठव, मोठ्या पत्र्याच्या डब्यातली. वाटेत बिस्किटांचा चुरा झाला तरी चालेल, डब्याला पोचा येता कामा नये.