बिनधुराची खोली

नागोया, ३ जून

चि. तोकुजी भाऊजी यांस, मिनाएचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या कंपनीचं तंबाखू तापवायचं नवं यंत्र पोचलं. यांच्या फोटोपुढे ठेवलं. तुमच्या आईंनी त्यातली कांडी उदबत्तीच्या राखेत खोचून काडी लावली. कांडी काळी पडली, धूर निघेना. म्हणाल्या, गेलेल्याला धूरच पोचतो. या पोरानं भावाला उपास धाडलाय. हे गेल्यापासून मी प्रथमच हसले.

घोर आहे तो आपल्या कॉफीच्या दुकानातल्या, हे यंत्र ओढणाऱ्यांसाठी केलेल्या काचेच्या खोलीचा. हे तिथेच बसत आणि फुप्फुसानं गेले. आधीच्या सिगारेटींनी की या यंत्रानं, डॉक्टर सांगत नाहीत. आता आमची लेक चिनात्सु कॉलेज सांभाळून कॉफी देते. तिला एकोणीस वर्षं. विशीच्या आतल्यानं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, मग गिऱ्हाईक असो की कामाचं माणूस, हा कायदा तुम्हीच यांना समजावला होतात. पण दारावर तुमची जाहिरात, धूर नाही, वास नाही. रोजचे गिऱ्हाईक ओगावा आजोबा तीच दाखवून तिला चिडवतात, की पोरी, आईला कशाला पळवतेस, इथे काय भूत बसलंय? माझी पाठ वळली की ती जातेच. काल तिच्या केसांना यांचा वास आला. क्षणभर बरं वाटलं, मग हातातला कप ठेवून द्यावा लागला.

खोली बंद करावी म्हणते. तुमचं मत कळवा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी,
मिनाए


ओसाका, ८ जून

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

घाई करू नका. सिगारेटच्या खोलीत खाता-पिता येत नाही, या खोलीत येतं. म्हणून तर सकाळची मंडळी तुमच्याकडे टोस्ट खात बसतात. खोली गेली की तीही जातील. दादाचं दुकान बंद पडलेलं मला बघवणार नाही. चिनात्सु फेब्रुवारीत वीस वर्षांची होईल. तोवर कोण बघायला येतंय? आणि वासाचं म्हणाल, तर दुःखात मन असे खेळ करतं. आमच्या मालाला वास नाही, हे मी रोज दुकानोदुकानी सांगतो. आईला म्हणावं, काडी नको लावूस, बटण दाब.

दादाच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला येतोच. उणं-अधिक लिहिलं असेल तर धाकटा म्हणून पदरात घ्यावं.

आपला,
तोकुजी


नागोया, २५ जून

चि. तोकुजी भाऊजी यांस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करणार होते, जमलं नाही.

विधीच्या दिवशी यांच्या समाधीपुढे तुम्ही बटण दाबून यंत्र ठेवलंत. पठण निम्म्यावर आलं तोच त्याचा दिवा विझला आणि आई पुटपुटल्या, झालं याचं जेवण एवढ्यात? तेव्हाही तुम्ही हसलात. परतताना गाडीत चिनात्सु तुमच्या शेजारी बसली. तुम्ही सहज म्हणालात, अगं, तुझ्याजवळ दादाचा वास येतोय.

उतरल्यावर कोटही न काढता तुम्ही दारावरची ती जाहिरात नखांनी खरवडायला लागलात. चिनात्सुनं कोमट पाण्याचं फडकं आणून दिलं. नोकरीत तुम्हाला हे जड जाईल, याचीच मला काळजी लागली आहे. काय झालं ते कळवा.

खोली बंद केली, तिचं दारच काढलं. ओगावा आजोबांनी भिंतीवर टाचलेली, आगाऊ पैसे भरून घेतलेली आपली कॉफीची तिकिटं काढून नेली. परवा मुकाट्यानं परत आणून टाचली. म्हणाले, पलीकडच्या दुकानात टोस्ट जाळतात.

चिनात्सु आता जवळून गेली की नुसता टोस्टचा वास येतो. हेच हवं होतं मला. तरी ती जवळून गेली की मी जरा थांबते.

येत जा. तुमची जागा धरून ठेवली आहे.

तुमची वहिनी,
मिनाए