मुके ठेवलेले सूर

३ मार्च

आजही शब्दांचा काला! नवऱ्याचा निरोप आला तो असा: ‘तीन महिने… … का? तू…’ पुढे नुसती खरखर.

समुद्राच्या तळाशी बसवलेल्या खोलीत — आम्ही तिला तळघर म्हणतो — हा आणखी चौघा पाणबुड्यांबरोबर राहतो, पाइपांचे सांधे जोडतो. मी इथे किनाऱ्यावर त्यांचे निरोप पकडायला. ‘तीन महिने झाले, करमतंय का तुला?’ — असंच असणार. म्हणजे तोही दिवस मोजतोय तर! नाही रे करमत.

४ मार्च

साहेब म्हणाले, “घरगुती गप्पांसाठी नाही ही यंत्रणा.” मी म्हटलं, उद्या धोक्याची सूचना अशीच फाटून आली तर? चाचणीसाठी हौद वापरायला दिला.

दुखणं माहीत आहे. पाण्यात रेडिओ चालत नाही, म्हणून निरोप आवाजावर येतो — शेकडो बारीक सूर, शेजारी शेजारी, प्रत्येकावर एकेक तुकडा. ऐकायचं यंत्र ठेवलेला आमचा तराफा लाटेवर हलला की सूर सरकतात, शेजाऱ्याच्या घरात घुसतात. सासूबाई आणि नणंद एकदम बोलायला लागल्या की होतं तसं. दोघींचं बरोबर, मला कळत काही नाही.

९ मार्च

मधले काही सूर मुद्दाम मुके ठेवले. तिथे जे ऐकू येईल ते शेजाऱ्याचं सांडलेलं. त्यावरून किती सरकलं ते मोजायचं, तेवढं मागे ओढायचं. हौदात जमलं. पण समुद्र म्हणजे हौद नव्हे.

त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला टाकला, परत काढून घेतला. मला तो हवाय. समोर, घरात, माझा चहा उष्टा करत.

१० मार्च

नाही जमलं. सगळ्यांवर डाफरले.

१४ मार्च

जमलं! चाचणीला साहेबांनी प्रत्येकी एकच शब्द मंजूर केला, तोही उपकार केल्यासारखा. तळघरातून त्याचा आला: ‘येतो’. स्वच्छ. एक काना इकडचा तिकडे नाही.

वायरमन म्हणाला, “वहिनी, जमलं तर रडताय कशाला?”

मीही माझा एक शब्द पाठवला — ‘ये’. घरी येऊन अभ्रा धुतला.

१९ मार्च

बोट आली. चौघे उतरले. त्यांचा मुकादम म्हणाला, “तो आणखी तीन महिने राहिला, वहिनी. तुम्हाला विचारलं होतं ना त्याने. तुमचा होकार आला, तेव्हाच कबूल झाला.”

रोज दारातून बाहेर पडतानाही हा ‘येतो’च म्हणतो. आणि मी म्हणते, ‘ये.’