मी आणि माझे चार चिकट टायर

७ सप्टेंबर, रविवार
आतेभाऊ मिथुनशी गाडीबद्दल चर्चा झाली. चर्चेत माझा ओठ फुटला.
गाडी दोघांची. लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार, सेकंडहँड. त्याला साधे पावसाळी टायर हवेत, कारण आम्ही पेणहून धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो. मला हाय-ग्रिप. रस्त्यावर चालतील आणि ट्रॅकवरही.
आत्याने निकाल दिला. दसऱ्याला रोह्यात, बंद गोदामाच्या काँक्रीटच्या मैदानात दोघांनी आपापले टायर लावून फेऱ्या मारायच्या. ज्याची वेळ कमी, गाडी त्याची.
संकल्प : यापुढे हात उचलायचा नाही. डोक्याने जिंकायचे.

१३ सप्टेंबर, शनिवार
आरोनकाकांच्या टायरच्या दुकानात गेलो. बंद. ते बेने इस्रायली ज्यू, शनिवारी शटर उघडत नाहीत, हे सगळ्या पेणला माहीत आहे. मलाही माहीत आहे. शटरला लाथ मारली. अंगठ्याचे नख गेले.

१४ सप्टेंबर
आरोनकाका म्हणाले, माझ्या शटरने तुझं काय घोडं मारलं होतं रे? विषय बदलला.
टायर घेतले. मऊ रबर, खाचा कमी. काका म्हणाले, तापल्याशिवाय हे धरणार नाय, आधी चार फेऱ्या हळू मार. म्हटले, माझेही तसेच आहे. मी अजून तापलेलो नाही, म्हणून लोकांना वाटते मी मार खातो.

१९ सप्टेंबर, रात्रपाळीआधी
मिथुनने माझ्या टायरमध्ये नख रुतवले. म्हणाला, "धन्या, टायर हायत का च्युइंगगम?"
शांत राहिलो. मग त्याचा कान चावला. त्याने जॅकचा दांडा पाठीत दोनदा घातला. (संकल्प हाताबद्दल होता. दातांबद्दल नव्हता.)

२४ सप्टेंबर
रस्त्यावरची टेस्ट. जिते स्टेशनपाशी एका टेम्पोला कट मारला. पुढे फाटक बंद. टेम्पोवाल्याने कॉलर धरून बाहेर काढले आणि तीन थोबाडीत दिल्या. मान फिरली, पण पाय जागचे हलले नाहीत.
टायर उत्तम. आता दसऱ्यापर्यंत वापरायचे नाहीत. झिजतात.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आईने कोयता, पहार, माझे पाने धुऊन पाटावर मांडले. प्रत्येकाला तेलाचा हात. म्हणाली, "तुझं काय हत्यार असंल ते आण."
माझे हत्यार टायर. धुतल्यावर पांढुरके दिसत होते. खोबरेल घेतले. मी अर्धवट काम करत नाही. गाडी जॅकवर चढवून एकेक चाक फिरवले. बाजू, कडा, जमिनीला टेकतो तो भाग, सगळीकडे लावले. खाचांत जुन्या टूथब्रशने.
आई म्हणाली, "मी कोयत्याला निस्तं बोट लावलं, तू बाटली संपवलीस?"
काळेभोर दिसतात. मिथुन घाबरणार.

२ ऑक्टोबर, सकाळ
टायर खराब होऊ नयेत म्हणून गाडी टेम्पोत घालून रोह्याला आणली. टेम्पोवाला तोच, जिते स्टेशनवाला निघाला. एक थोबाडीत राहिली होती म्हणाला.
पहिली पाळी माझी. हळू फेऱ्या मारणार नाही. मी घरूनच तापून आलो आहे.

२ ऑक्टोबर, दुपार. सरकारी दवाखाना.
पहिल्या वळणावर स्टिअरिंग फिरले. गाडी फिरली नाही. ब्रेक दाबल्यावर वेग वाढल्यासारखा वाटला. मिथुनने त्याचे साधे टायर भिंतीशी रचून ठेवले होते, त्यांनी गाडी थांबवली.
आत्याने वाकून चाकाचा वास घेतला. "खोबरेल हाय गो बाई."
मिथुनने गाडीचा झेंडूचा हार माझ्या गळ्यात घातला आणि हारासकट मला बोनेटवर आपटले. दोन बरगड्या वाजल्या. तेव्हा मात्र मी खरोखर तापलो. असा ठोसा मारला, की तो बाजूला झाला आणि टेम्पोचे दार आत गेले. नंतर टेम्पोवाल्याने मारले.

१३ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहीत आहे. उजव्याला प्लास्टर. अक्षर वाकडे, पण शुद्धलेखन दोनदा तपासले.
गाडी मिथुनची. आत्याच्या सांगण्यावरून तो मला शिफ्टला नेतो. कंपनीने गेटवर बसवले आहे. आज वळणावर मी दाराची मूठ घट्ट धरली. मिथुन म्हणाला, "घाबरतोस काय?" म्हटले, ग्रिप बघतोय.
मूठ उपटून हातात आली.
रोहा स्टेशनजवळ त्याने मला बाहेर ढकलले. पुढे धाटावपर्यंत चालत. वाटेत दोनदा घसरलो. चपलेचा तळ पार गुळगुळीत झाला आहे. हे आधी बघायला हवे होते.