फेसाचा एकच आकार

३ जुलै
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

वादळातल्या तलावाचे तिन्ही फोटो पोचले. पाणी शिशाच्या रंगाचं आलंय, फार सुंदर. स्टुडिओत दाखवले तर आमचे साहेब म्हणाले, आभाळ अजून काळं करा, विजेची एक रेघ घाला. मी सांगितलं, माझ्या बाबांचा नियम आहे: उजेड थोडा कमीजास्त करावा, पण नव्हतं ते घालू नये आणि होतं ते पुसू नये.

पण तुम्ही लिहिता, ओसरीत उभं राहून काढले. मग दुसऱ्या फोटोत पाण्यापलीकडे नखाएवढं लाल छप्पर दिसतंय ते कुणाचं? स्कॅन करून मोठं केलं. वाकड्या धुराड्यासकट आपलंच आहे. ओसरीत उभं राहून ओसरीचाच फोटो काढणारे तुम्ही पहिलेच. पुन्हा होडी काढलीत ना? मागे ती उलटली तेव्हा पाण्यात जाणार नाही असं कबूल केलं होतंत. खरं काय ते कळवा.

रागावले तरी लोभ कमी करू नये ही विनंती.
तुमची भिंगरी

९ जुलै
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू आईवर गेलीस. तिच्यापासूनही माझं काही लपत नसे. होडीला हात लावला नाही, तुझी शपथ. पलीकडच्या काठाला बसने गेलो होतो, हवापालट म्हणून. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, तेव्हा पत्रच लिहीत जा. सुतारकाका टपाल आणून देतात.

सोबत नवा फोटो. त्या दिवशी वारा असा होता की पाणी उभं राहत होतं. सावल्या उजळून जरा उघडल्यात, बाकी काही केलं नाही. नव्या नोकरीत लक्ष दे. मागच्या आजारपणात माझ्यापायी पहिली सोडलीस, ते अजून डाचतं.

तुझे बाबा

१४ जुलै
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राने संशय वाढलाच. टपाल आपल्या दाराच्या पेटीत पडतं. तिथून घरात आणायला शेजारचे सुतारकाका कशाला लागतात? कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि फोटो. फेसाचा एकच आकार, बदकाच्या चोचीसारखा, तीन ठिकाणी आहे. वरपासून खालपर्यंत चार उभ्या पट्ट्यांत पाणी दुसरीकडून उचलून डकवलंय. मी दिवसभर हेच काम करते, बाबा. होडीला चार डोलकाठ्या नसतात एवढं मलाही कळतं. मग पुसलंत काय? मी एकदा फोटोतली विजेची तार पुसली तर तुम्ही दोन दिवस अबोला धरला होतात. मला राग आलाय, आणि भीतीही वाटतेय.

पुढच्या रविवारी, २२ तारखेला येते. त्याआधी न पुसलेला फोटो पाठवा.
भिंगरी

१७ जुलै
चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड जुनीच. पुसले ते खिडकीचे गज, पडल्या पडल्या लॅपटॉपवर. तीन आठवडे झाले, मी पलीकडच्या काठावरच्या इस्पितळात आहे. छातीचं दुखणं पुन्हा उठलं. सोमवारी ऑपरेशन आहे. तुला कळलं असतं तर ही नोकरीही सोडली असतीस. सुतारकाकांना मीच बजावलं होतं, त्यांच्यावर चिडू नकोस. टपाल तेच इकडे आणतात, फोटोही तेच छापून आणतात.

पहिले तीन फोटो सिस्टर यायच्या आत गजांमधून कॅमेरा बाहेर धरून काढले. आता वारा सुटला की ती लगेच खिडकी लावून घेते, मग मी काचेतूनच काढतो. सोबत न पुसलेला फोटो. गज फार वाईट दिसतात.

घरी न येता सरळ इकडेच ये. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे बाबा

२१ जुलै, शनिवार
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही, उद्या हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर मला रडू येईल आणि तुम्हाला अर्धंच ऐकू येईल.

नोकरी सोडलेली नाही. पंधरा दिवसांची रजा घेतलीय, साहेबांनी कुरकुर न करता दिली. ऑपरेशन होईपर्यंत भांडणार नाही, नंतरचं सांगत नाही.

फोटो मोठा केला. गज तसेच ठेवले. तुम्ही शिकवलंत तेवढाच, केसभर, काळोख उघडला. तर काचेत तुम्ही दिसलात. दाढी वाढलेली, सुई टोचलेल्या हाताने कॅमेरा धरलेला, मागे रिकामी खुर्ची. तुमच्या ते लक्षात आलं नसावं, नाहीतर तेही पुसलं असतंत.

उद्यापासून त्या खुर्चीत मी बसणार आहे.
तुमची भिंगरी